कोऱ्या चौकटीचा मान

गावात त्यांना सगळे पेपरकाका म्हणत. त्यामुळे त्यांच्या बायकोलाही पेपरकाकू व्हावं लागलं. "लग्नात नवऱ्याचं नाव लागतं हे ठाऊक होतं," काकू म्हणायच्या, "धंद्याचंही लागतं, हे कुणी सांगितलं नव्हतं."

काकांचं साप्ताहिक चार पानांचं. कुणाकडे बाळ झालं, कुणाचा मुलगा परीक्षेत पहिला आला, कोणती बस आता कुठल्या थांब्यावर थांबणार नाही, कुणाचं मांजर हरवलं, कोण वारलं. तरुणपणी काका शहरातल्या एका मोठ्या दैनिकात मुद्रितं तपासायला होते. वडील आजारी पडले म्हणून परत आले, वडिलांचा पत्रिका आणि पावतीपुस्तकं छापायचा छापखाना त्यांच्या गळ्यात पडला, आणि रिकाम्या मशीनला काम हवं म्हणून त्यांनी पेपर सुरू केला. पुढे मशीन बदललं, काकूंनी हट्टाने कॉम्प्युटरवर पानं लावायला शिकून घेतलं, पण पेपर तोच राहिला. बाळाचं वजन छापायच्या आधी काका आईला फोन करून पुन्हा विचारून घेत. "मंत्र्याचं खातं चुकलं तर मंत्री विसरतो," ते म्हणत, "बाळाचं वजन चुकलं तर आई जन्मभर विसरत नाही."

त्यांच्या पेपरात कुणाबद्दल वाकडा शब्द नसे. गावातले टवाळ म्हणायचे, काकांच्या पेपरात माणसं दोनच प्रकारची: कर्तबगार आणि कैलासवासी. काकाही हसायचे. वर्षातून एकदा मात्र ते वृत्तपत्राच्या स्वातंत्र्यावर अग्रलेख लिहीत. तो जवळजवळ दरवर्षी तोच असे, थोडे शब्द इकडचे तिकडे. त्यात 'लेखणी म्यान होणार नाही' असं वाक्य हमखास असे. काकांच्या स्वातंत्र्याला आजवर कुणी हात लावला नव्हता हे खरं. पण काकांनी तरी ते कुठे वापरून पाहिलं होतं?

त्या आठवड्यात पाणीपुरवठ्याच्या प्रयोगशाळेतल्या बाई छापखान्यात आल्या. अबोल बाई. भाचीच्या बारशाची बातमी द्यायला एकदा आल्या होत्या, तेवढीच ओळख. त्या दारातच उभ्या राहिल्या आणि मशीन बंद होईपर्यंत काही बोलल्या नाहीत.

"काका, टाकीतलं जंतुनाशक संपलंय. कधीच संपलंय. वरचे म्हणतात माल येतोय, माल येतोय. रोजचे नमुने नापास होताहेत. मी लिहून दिलं, तोंडी सांगितलं. साहेब म्हणतात, बाई, लोकांना घाबरवायचं नसतं."

"लोक तेच पाणी पिताहेत?"

"मी घरी उकळते. आमच्या गल्लीत सांगितलं, पोट बिघडायची साथ आहे, उकळून प्या. सगळ्या गावाला मी कशी सांगत फिरणार?" मग खालच्या आवाजात त्या म्हणाल्या, "माझं नाव नको यायला. नोकरीवर घर आहे."

"नाव मेलो तरी सांगणार नाही," काका म्हणाले, आणि ते मनापासून म्हणाले.

त्यांनी दोन डॉक्टरांना विचारलं. दोघांकडेही पोटाच्या तक्रारीचे रुग्ण वाढले होते. पाणीपुरवठ्याच्या साहेबांना फोन केला, तर साहेब "बैठकीत" होते. काकांनी बातमी लिहिली. पहिल्या पानावर, वरच्या अंगाला, चौकटीत. काकूंनी ती लावताना दोनदा वाचली आणि चष्मा काढून नवऱ्याकडे असं काही पाहिलं की, काकांना लग्नानंतरची पहिली वर्षं आठवली.

"आज पेपरवाल्याची बायको असल्यासारखं वाटतंय," त्या म्हणाल्या.

बुधवारी दुपारी पानांच्या छपाईच्या प्लेटा झाल्या. मशीनवाले दादा, जे काकांच्या वडिलांच्या वेळेपासून इथे होते आणि ज्यांना बातम्यांत काडीचा रस नव्हता, त्यांनी शाई घोळवायला घेतली. तेवढ्यात नगरपालिकेचा शिपाई एक जाड, गुळगुळीत पाकीट देऊन गेला.

नव्या वाचनालयाचं उद्घाटन शनिवारी होतं. निमंत्रणपत्रिकेवर काकांचं नाव होतं, आणि नावामागे 'ज्येष्ठ संपादक' असं होतं. व्यासपीठावर, पहिल्या रांगेत, नगराध्यक्षांच्या शेजारची खुर्ची. सोबत नगराध्यक्षांच्या हातची चिठ्ठी: "तू नक्की ये. तू नसलास तर पुस्तकांचं काय कौतुक?" नगराध्यक्ष आणि काका शाळेत एका बाकावर बसत. बस्स, एवढंच. पाण्याचा शब्द नाही, बातमीचा नाही. नगराध्यक्षांना बातमीचा पत्ताही नव्हता.

काकांनी पत्रिका वाचली. परत वाचली. इतकी वर्षं गावातल्या प्रत्येक समारंभाला ते गेले होते, आणि प्रत्येक समारंभात खांबाला टेकून, वही मांडीवर घेऊन बसले होते. व्यासपीठावर कोण कोण होतं, हे त्यांनी शेकडो वेळा लिहिलं होतं. 'ज्येष्ठ संपादक' हे शब्द त्यांना कुणी लावले नव्हते. स्वतः लावून घेणं बरं दिसलं नसतं.

आता, पहिल्या पानावर ही बातमी आणि शनिवारी शेजारची खुर्ची, हे कसं जमायचं? कुणी काही म्हणालं नव्हतं. पण काकांना घाम फुटला. मग मन आपोआप वकिली करू लागलं. साहेबांची बाजू घ्यायची राहिलीय. माल कदाचित उद्या येईलही. घाईने छापून लोकांत घबराट... एक आठवडा. फक्त एक आठवडा.

"दादा," ते म्हणाले, "ती चौकट काढा."

"प्लेट झालीय."

"दुसरी करू."

"कोरी प्लेट शिल्लक नाही. माल उद्या येतोय," दादा म्हणाले. 'माल येतोय' हे शब्द ऐकून काका चपापले. दादांचं लक्ष नव्हतं. "पुसता येईल. औषध लावून अक्षरं घालवतो. पण तिथे भोक राहील, सांगून ठेवतो. मग मला बोलायचं नाही."

"राहू दे."

दादांनी बोळ्याने बातमी पुसली. शीर्षक गेलं, मजकूर गेला. चौकटीच्या रेघा पुसल्या तर शेजारचा मजकूर जाईल, म्हणून त्यांनी रेघा ठेवल्या. मशीन सुरू झालं, आणि पहिल्या पानाच्या माथ्यावर काळ्या रेघांची एक सुबक, रिकामी चौकट छापून येऊ लागली.

काकू आतून आल्या, एक ताजा अंक उचलला आणि पाहत राहिल्या. "हे काय?"

"पुढच्या अंकात घेऊ. साहेबांची बाजू यायची आहे."

काकूंनी टेबलावरची पत्रिका पाहिली. तिच्यावर हात ठेवला, पण उचलली नाही. "बरं," एवढंच म्हणाल्या. काकूंचं 'बरं' ज्यांनी ऐकलंय त्यांना कळेल, त्यापेक्षा चार शिव्या परवडतात.

*

गुरुवारी सकाळी अंक घरोघर गेले, आणि दुपारपर्यंत गावात एकच चर्चा सुरू झाली. काकांचं तोंड दाबलं! बिचाऱ्याने बातमी काढली, पण जागा रिकामी ठेवून निषेध केला! केवढी हिंमत! जन्मात कुणाला दुखावलं नाही त्या माणसाने एवढं करावं!

काका दूध आणायला गेले तर दूधवाल्याने त्यांना रांगेतून पुढे बोलावलं. "काका, मानलं तुम्हाला."

"अहो, तसं काही..."

"बोलू नका. कळतं आम्हाला. भिंतींना कान असतात."

केशकर्तनालयात एकाने चौकट कापून आरशाला लावली होती. ज्या टवाळाने 'कर्तबगार आणि कैलासवासी' हा विनोद काढला होता, तो रस्त्यात हात जोडून म्हणाला, "काका, तुमच्याबद्दल आजवर जे बोललो ते शब्द मागे घेतो." काकांना वाटलं, याने एखादा नवा विनोद केला असता तर किती बरं झालं असतं. खरं सांगायला त्यांनी दोनतीनदा तोंड उघडलं. पण समोरचा माणूस इतक्या प्रेमाने पाहत असे की, त्याचा हिरमोड करणं म्हणजे त्याला फसवण्याहून वाईट वाटे. आणि थोडंसं, खोटं कशाला बोला, बरंही वाटे. तेच सगळ्यात लाजिरवाणं होतं.

शुक्रवारी सकाळी नगराध्यक्ष स्वतः आले. चिडले नव्हते, दुखावले होते.

"काय रे, मी तुला कधी एका शब्दाने काही म्हणालो?"

"नाही."

"मग गावभर काय चाललंय? माझी सून मला विचारते, बाबा, तुम्ही काकांना धमकी दिलीत का म्हणून! होतं काय त्या चौकटीत?"

काकांनी खाली पाहिलं. "बातमी होती. तयार नव्हती. ऐनवेळी काढली. प्लेट शिल्लक नव्हती."

"एवढंच ना? मग छाप तसं! नगराध्यक्षांनी काही सांगितलं नव्हतं म्हणून. खरंच आहे ते."

"बघतो."

"बघतो काय? आणि हे बघ, उद्या तू नाही आलास तरी चालेल. वाईट वाटून घेऊ नकोस. आता तुला शेजारी बसवलं तर लोक म्हणतील, आधी दाबला, मग विकत घेतला." जाता जाता ते दारात वळले. "गुडघा कसाय?"

"बराय."

तेलही गेलं, तूपही गेलं. काका खुर्चीवर बसून राहिले. आतून काकूंचा आवाज आला, "शनिवारचा सदरा इस्त्रीला टाकला होता. परत आणू?"



संध्याकाळी पाणीपुरवठ्यातल्या बाई आल्या. हातात फळं. काकूंनी बसायला सांगितलं तरी त्या उभ्याच राहिल्या.

"काका, माझ्यामुळे तुम्हाला त्रास झाला. मला वाटलंच नव्हतं वरचे तुमच्यापर्यंत पोचतील. कुणी आलं होतं का? घरी काही बोललं का?" त्यांचे डोळे भरले होते. "माफ करा मला."

 काकू स्वयंपाकघराच्या दाराला टेकून उभ्या होत्या. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं आणि वाट पाहिली. बरीच वाट पाहिली.

"माफी तुम्ही नका मागू," काका शेवटी म्हणाले. एवढंच. पुढचं वाक्य ओठांवर आलं, तिथेच थांबलं, आणि बाई निघून गेल्या.

काकूंनी फळं उचलली, धुवायला नळाखाली धरली, मग हात आखडून घेतला आणि उकळून गार केलेल्या पाण्याने धुतली. "आपण तरी उकळतोय," त्या म्हणाल्या. "आपल्याला बातमी मिळालीय ना."

*

रविवारी सकाळी काकांच्या सन्मानासाठी शाळेच्या सभागृहात सभा ठेवली होती. जिल्ह्याच्या पत्रकार संघाचे सेक्रेटरी मुद्दाम आले होते. सभागृह भरलं होतं. व्यासपीठावर, पहिल्या रांगेत, मधोमध काकांची खुर्ची होती. गंमत अशी की, खुर्ची मिळालीच.

काका येणार नव्हते. सकाळपासून ते पोटात दुखतंय म्हणत होते. "गावात साथच आहे," काकू म्हणाल्या, आणि त्यांच्या हातात चप्पल दिली.

तिसऱ्या रांगेत पाणीपुरवठ्यातल्या बाई बसल्या होत्या. काकांनी त्या रांगेकडे पाहायचं टाळलं. सेक्रेटरी बोलायला उभे राहिले. आवाज मोठा, वाक्यं लांबलचक. "मित्रहो, हजार शब्दांत जे मावलं नसतं ते एका कोऱ्या चौकटीने सांगितलं! या माणसाची लेखणी हिसकावली, तेव्हा त्याने मौनाचीच शाई केली!" टाळ्या पडल्या. काका चपलांच्या टोकांकडे पाहत होते. हरभऱ्याच्या झाडावर चढवलेल्या माणसाला खालची जमीन दिसते तशी त्यांना ती टोकं दिसत होती. प्रत्येक टाळीला ते खुर्चीत आणखी थोडे खाली सरकत होते, आणि लोकांना तो विनय वाटत होता.

सेक्रेटरींचा घसा कोरडा पडला. त्यांनी टेबलावरचा पेला उचलला. पेले नुकतेच शाळेच्या नळावर भरून ठेवले होते. काकांनी येताना ते पाहिलं होतं.

काकांचा हात पुढे गेला आणि सेक्रेटरींच्या मनगटावर पडला. थोडं पाणी टेबलावर सांडलं.

"ते पिऊ नका."

माइक सुरू होता. सगळ्या सभागृहाला ते ऐकू गेलं.

सेक्रेटरी गोंधळले. "का हो? काय झालं?"

आता मागे फिरायला जागा नव्हती. काका उठले. गुडघा कळवळला. "पाण्यात औषध नाही. टाकीतलं जंतुनाशक संपलंय, बरेच दिवस. नमुने नापास होताहेत. हीच बातमी होती चौकटीत."

सभागृहात कुजबुज उठली. कुणीतरी ओरडलं, "कुणी काढायला लावली? नाव सांगा!"

"कुणीच नाही."

"घाबरू नका काका, आम्ही आहोत!"

"अहो, कुणीच नाही!" काकांचा आवाज चिरकला. "एक फोन नाही, एक धमकी नाही. मीच काढली. वाचनालयाच्या कार्यक्रमात मला पहिल्या रांगेत बसवणार होते. पत्रिकेत ज्येष्ठ संपादक लिहिलं होतं. म्हणून काढली. दुसरी प्लेट नव्हती म्हणून जागा कोरी राहिली. निषेध वगैरे काही नव्हता."

मागच्या रांगेत एकजण हसला. त्याला वाटलं, काका चेष्टा करताहेत. मग त्याचं हसू विझलं.

सेक्रेटरी खाली बसले. त्यांनी हळूच विचारलं, "ही माहिती तुम्हाला दिली कुणी?"

"ते सांगणार नाही," काका म्हणाले. त्या दिवसातलं हे एकच वाक्य त्यांना मान वर करून बोलता आलं.

काकांची अपेक्षा होती, आता लोक बोलतील. थू म्हणतील. त्यांनी मनाची तयारी केली. पण लोकांना त्यांच्यासाठी वेळच नव्हता. एक बाई उठून फोनवर आईला सांगू लागली, "माठातलं ओतून टाक. सगळं! मग सांगते." दुसरी मुलाला दंडाला धरून बाहेर नेऊ लागली. खुर्च्या करकरल्या, दारात गर्दी झाली. बघता बघता सभागृह रिकामं झालं. व्यासपीठावर काका उभे होते, आणि त्यांची लाज ऐकून घ्यायला कुणी थांबलं नव्हतं.

पाणीपुरवठ्यातल्या बाई दारापर्यंत गेल्या आणि परत आल्या. त्या व्यासपीठावर चढल्या नाहीत, खालीच उभ्या राहिल्या. काकांना वाटलं, आता त्या शुक्रवारी मागितलेली माफी मागे घेतील.

"गुरुवारपर्यंत थांबू नका," त्या म्हणाल्या. "इथे मूठभर लोक होते. नदीपलीकडच्या वस्तीतलं कुणी नव्हतं."

*

दुपारी छापखाना उघडला. एकच पान काढायचं ठरलं. रविवारी बोलावल्याबद्दल दादांनी कुरकुर केली, मग बातमी वाचली, आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच, आणि न बोलता शाई घोळवायला घेतली. "त्या दिवशी मी हे पुसलं होय?" एवढंच मध्ये एकदा म्हणाले.

काकू कॉम्प्युटरपुढे बसल्या होत्या, काका मागे उभे राहून सांगत होते. पाणी उकळून प्या. लहान मुलं, म्हातारी माणसं यांना जपा. कुठल्या डॉक्टरांकडे जा. मग काका थांबले.

"पुढे?" काकूंनी विचारलं.

"ही बातमी गेल्या अंकात येणार होती. संपादकाने ती स्वतःच्या मानासाठी काढली."

काकूंची बोटं थांबली. "खुर्चीचं लिहायचं? मान म्हटलं की लोकांना मोठं काहीतरी वाटतं."

काकांनी श्वास घेतला. "खुर्चीचं लिही."

काकूंनी लिहिलं. "आणि नगराध्यक्षांनी काही सांगितलं नव्हतं, हेही?"

"तेही. खरं आहे ते. माल न आणल्याचंही लिही. तेही खरं आहे."

पेपर टाकणारे रविवारी मिळत नाहीत. दादांनी एका बाजूच्या गल्ल्या घेतल्या, काकूंनी बाजारपेठ घेतली, काका गठ्ठा काखेत मारून पूल ओलांडून नदीपलीकडे गेले. तिथल्या वस्तीत घरं एकमेकांना चिकटलेली, दारं उघडी. काका प्रत्येक दारात थांबून तेच सांगत होते: पाणी उकळा, हे वाचा. बहुतेक लोक 'बरं काका' म्हणत. काहींनी कागद न वाचताच त्यांना पाणी विचारलं. उन्हातून आलेल्या माणसाला विचारायचं ते आधी विचारलं.

एका दारात एक तरुण बाई आली. खांद्यावर पोर होतं, डोकं टाकून निजलेलं, ओठ सुकलेले. तिने एका हाताने कागद घेतला आणि तिथेच उभ्या उभ्या सगळा वाचला. अगदी खालपर्यंत. काका दुसऱ्या दाराकडे निघाले होते, तोच तिने हाक मारली.

"काका. याचं पोट शुक्रवारी बिघडलं."

काका थांबले.

"हे तुम्हाला बुधवारी ठाऊक होतं?"

काकांना कितीतरी उत्तरं सुचली. साहेबांची बाजू, संपलेल्या प्लेटा, माल येतोय. ती सगळी ते चार दिवस स्वतःला सांगत होते. इथे त्यांतलं एकही चालण्यासारखं नव्हतं.

"हो," ते म्हणाले.

तिने मान हलवली, जणू तिला एवढंच पक्कं करून घ्यायचं होतं. रागावली नाही. कागदाची घडी घातली, पोराला दुसऱ्या खांद्यावर घेतलं, आणि पोर जागं होऊ नये म्हणून आवाज न करता दार लावून घेतलं.

 काकांनी काखेतला गठ्ठा सावरला आणि ते पुढच्या दारात जाऊन म्हणाले, "पाणी उकळून प्या. हे वाचा. अगदी खालपर्यंत वाचा."